बॅटरी खातंय कोण?

वायरलेस सेन्सर नेटवर्कमधल्या नोडची, म्हणजे तापमानासारखं काहीतरी मोजून ते रेडिओवरून पाठवणाऱ्या छोट्या डब्याची, बॅटरी कशात संपते असं विचारलं की बहुतेक जण पटकन सांगतात, डेटा पाठवण्यात. वाटणारच तसं, कारण पाठवणं हे काम आणि कामाला शक्ती लागते, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी या छोट्या छोट्या डब्यांबरोबर बरीच वर्षं काम करतोय, फर्मवेअर (डब्याच्या आत चालणारा प्रोग्रॅम) लिहितो, बोर्ड टेबलावर मांडून करंट मोजतो, आणि जितकं जास्त मोजत जातो तितकी एकच गोष्ट परत परत समोर येते, की नोडचा सगळ्यात मोठा खर्च वाट बघण्याचा असतो. कुणीतरी काहीतरी पाठवेल म्हणून रेडिओ चालू ठेवून कान टवकारून बसायचं, आणि बहुतेक वेळा कुणीच काही पाठवत नाही. तापमान वाचायला थोडे मिलिसेकंद लागले, ते पाठवायला आणखी एक-दोन, बाकी सगळा वेळ नुसतं बसणं, आणि त्या बसण्याचं बिल बॅटरीच्या नावावर.

आकडे घेतले की हे लगेच पटतं. सीसी२४२० नावाची एक रेडिओ चिप आहे, आता जुनी झाली, पण या विषयात ज्यांनी हात घातलाय त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ती कधी ना कधी वापरलेली असते, कारण टेलॉसबी आणि मायकाझेड हे दोन गाजलेले बोर्ड तिच्यावरच चालायचे. डेटाशीटप्रमाणे ती पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँप घेते आणि ऐकताना १८.८ मिलिअँप. म्हणजे ऐकणं पाठवण्यापेक्षा महाग! कारण तसं सरळ आहे. ऐकायला बसलेल्या चिपला हवेतला अतिशय क्षीण सिग्नल उचलून मोठा करायचा असतो, त्यातून नको ते गाळायचं असतं, आणि पॅकेट (डेटाचा एकेक गठ्ठा) येवो न येवो ही सगळी यंत्रणा चालू ठेवावीच लागते. पाठवणाऱ्या बाजूचं गणित तर आणखी बोलकं आहे. ३ व्होल्टला १७.४ मिलिअँप म्हणजे साधारण ५२ मिलिवॅट आत गेले, आणि अँटेनातून बाहेर किती पडले, तर १ मिलिवॅट. बाकीचे ५१ चिप स्वतःला जागं ठेवण्यात वापरते.

म्हणूनच "पाठवायची पॉवर कमी करा" हा जो सल्ला सगळीकडे मिळतो त्याचा मला फार भरवसा वाटत नाही. याच चिपची पॉवर सगळ्यात खालच्या पायरीवर आणली, म्हणजे उणे २५ डीबीएमवर (डीबीएम हे रेडिओच्या शक्तीचं माप, ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट), तर बाहेर पडणारी शक्ती ३०० पटींहून जास्त कमी होते पण करंट १७.४ वरून ८.५ मिलिअँप, म्हणजे जेमतेम निम्मा. आणि त्या बदल्यात पॅकेट हरवायला लागली तर प्रत्येक पॅकेट दोन-दोन तीन-तीनदा पाठवावं लागतं, म्हणजे वाचवलं ते गेलं आणि वर आणखी गेलं.

आता बॅटरीकडे या. दोन साध्या एए अल्कलाइन सेल एकापुढे एक लावल्या तर ३ व्होल्ट आणि अंदाजे २५०० मिलिअँप-तास मिळतात. रेडिओ सतत ऐकत ठेवला तर २५०० भागिले १८.८, म्हणजे १३३ तास, साडेपाच दिवस. बस्स. तोच रेडिओ फक्त १ टक्का वेळ चालू ठेवला, बाकी ९९ टक्के बंद, की हिशेब दीड वर्षावर जातो. बॅटरी तीच, चिप तीच, सेन्सर तोच, पाठवलेला डेटासुद्धा कदाचित तोच, आणि साडेपाच दिवसांचं दीड वर्ष होतं ते फक्त कधी जागं राहायचं हे शहाणपणाने ठरवल्यामुळे. इतक्या वर्षांनंतरही हे गणित मांडताना मला आनंद होतो, खरंच होतो.

पण झोपायचं म्हटलं की खरी अडचण सुरू होते. झोपलेल्या नोडला कुणी हाक मारली तर ती त्याला कळणार कशी? रात्री पाहुणा येणार आहे पण किती वाजता ते माहीत नाही, फोन नाही, तर माणूस काय करेल, एक तर रात्रभर दारात उभा राहील, नाही तर दर थोड्या वेळाने उठून दार उघडून बघेल, नाही तर आधीच वेळ ठरवून घेईल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयात मॅक प्रोटोकॉल म्हणून, म्हणजे रेडिओ कुणी कधी वापरायचा याचे नियम म्हणून, जे काही झालं ते जवळपास सगळं या तीन पर्यायांमध्येच बसतं.

२००२ मध्ये वेई ये, जॉन हायडेमन आणि डेबोरा एस्ट्रिन यांनी एस-मॅक मांडला आणि त्यात त्यांनी शक्ती कुठे वाया जाते ते चार जागी बोट ठेवून दाखवलं: पॅकेट एकमेकांवर आदळणं, दुसऱ्यासाठीचं पॅकेट विनाकारण ऐकणं, नियंत्रणासाठीच्या संदेशांचा भार, आणि रिकामं ऐकत बसणं. कमी वर्दळीच्या नेटवर्कमध्ये शेवटचं बाकी तिघांना भारी पडतं, कारण आदळायला आणि चोरून ऐकायला आधी हवेत पॅकेट तरी असायला हवीत ना. एस-मॅकमध्ये शेजारी नोड एकत्र उठायचे, एकत्र झोपायचे. २००४ मध्ये बी-मॅक आला, त्याने वेळ ठरवण्याची भानगडच काढून टाकली. प्रत्येक नोड आपापल्या सोयीने थोड्या थोड्या वेळाने उठतो, हवेत काही हालचाल आहे का ते क्षणभर बघतो, नसेल तर परत झोपतो. ज्याला पाठवायचंय त्याने पॅकेटच्या आधी एक लांबलचक प्रीअँबल, म्हणजे नुसता लक्ष वेधणारा सिग्नल, पाठवायचा, इतका लांब की समोरचा केव्हाही उठला तरी तो त्याच्या कानावर पडलाच पाहिजे. म्हणजे वाट बघण्याचा खर्च ऐकणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे सरकवला. जिथे बोलणं क्वचित आणि ऐकणं सतत, तिथे हा सौदा एकदम फायद्याचा.

त्यातली खोट अशी की तो लांब प्रीअँबल आसपासच्या सगळ्यांना ऐकावा लागतो, कारण पॅकेट आपल्यासाठी आहे की नाही हे शेवटापर्यंत कळतच नाही. २००६ च्या एक्स-मॅकने त्या प्रीअँबलचे छोटे छोटे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात पत्ता घातला. ज्याचं नाव नाही तो लगेच परत झोपतो, ज्याचं आहे तो मधल्या फटीत "मी जागा आहे, पाठव" असं कळवतो, आणि उरलेला प्रीअँबल पाठवायची गरजच राहत नाही. इतका साधा बदल आहे, पण असे बदल सुचायला माणसाने खूप वेळ त्या वेव्हफॉर्मकडे, सिग्नलच्या आलेखाकडे, बघत बसावं लागतं, त्याशिवाय होत नाही.

तिसरा पर्याय, आधीच वेळ ठरवणं, हा मला सगळ्यात जास्त आवडतो आणि सगळ्यात जास्त छळतोही, कारण तिथे घड्याळ मध्ये येतं. नोडवर ३२,७६८ हर्ट्झचा छोटा क्रिस्टल असतो, घड्याळाला ठोका देणारा, साधारण अधिक-उणे २० पीपीएमचा (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग). २० पीपीएम म्हणजे दिवसाला १.७ सेकंदांचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोन नोडची घड्याळं विरुद्ध दिशांना चुकत असतील तर ४० पीपीएम, आणि ते दर १० मिनिटांनी एकदा भेटायचं ठरवून बसले असतील तर भेटीपर्यंत त्यांच्यात २४ मिलिसेकंदांचं अंतर पडलेलं असू शकतं. म्हणून ऐकणाऱ्याने ठरलेल्या वेळेच्या २४ मिलिसेकंद आधी उठायचं आणि कुणी आलं नाही तर २४ मिलिसेकंद नंतरपर्यंत थांबायचं. आणि ज्या पॅकेटसाठी हे सगळं, ते त्या रेडिओवर जास्तीत जास्त १२७ बाइटचं, २५० किलोबिटच्या वेगाने ४ मिलिसेकंदांत संपतं! घड्याळावर विश्वास नाही म्हणून पॅकेटच्या कितीतरी पट वेळ नुसतं ताटकळायचं, आणि परत ताटकळताना रेडिओ १८.८ मिलिअँप खातोच आहे.

बरं, तो क्रिस्टलही स्वभावाने एकसारखा नाही. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो ठीक असतो, पण गारठा पडला तरी मागे पडतो आणि तापला तरी मागेच पडतो, आणि हे मागे पडणं फरकाच्या वर्गाने वाढतं. एक नोड उन्हात ५५ अंशांवर आणि दुसरा सावलीत २५ वर असेल तर नुसत्या या एका कारणाने दोघांच्या घड्याळांत साधारण ३० पीपीएमची फूट पडते. यावर उपाय आहे आणि तो फार देखणा आहे: नोडने प्रत्येक भेटीत शेजाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा किती पुढे-मागे सरकलंय ते नोंदवायचं आणि पुढच्या भेटीची वेळ तेवढी दुरुस्त करून ठरवायची. चूक राहतेच, पण ती ओळखीची चूक होते. २०१२ मध्ये ८०२.१५.४ई या कमी शक्तीच्या रेडिओंच्या मानकात टीएससीएच नावाची पद्धत आली, ती या ठरवून भेटण्यावरच उभी आहे, आणि तिच्यावर चालणाऱ्या चांगल्या नेटवर्कमध्ये आज रेडिओ १ टक्क्याच्याही खाली चालू ठेवणं जमतं. यातलं बरंचसं श्रेय कुठल्या हुशार रूटिंगला (डेटा कुठल्या नोडमार्गे पाठवायचा ते ठरवण्याला) नाही, नीट सांभाळलेल्या घड्याळाला आहे.

आता टेबलावर या, कारण माझं मन खरं तर तिथे रमतं. बॅटरी आणि बोर्ड यांच्या मध्ये १० ओहमचा रेझिस्टर टाकायचा आणि त्याच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, लावायचा. साधा मल्टिमीटर मायक्रोअँपच्या रेंजवर लावून चालत नाही, नोड झोपलेला असतो तोवर ठीक दिसतं, पण तो उठून रेडिओ लावतो तेव्हा मीटरच्या आतल्या रेझिस्टन्सवरच इतका व्होल्टेज पडतो की बोर्ड रीसेट होतो, आणि मग तुम्ही रीसेट होणाऱ्या बोर्डाचा करंट मोजत बसता. स्कोपवर २० मिलिअँपला २०० मिलिव्होल्ट दिसतात, पण झोपेतले ५ मायक्रोअँप म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट, ते गोंगाटातच बुडून जातात, म्हणून झोप वेगळी मोजायची आणि जाग वेगळी.

नोडच्या जागेपणाचं चित्र बघताना मी आजही हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवतो. आधी सपाट रेघ. मग एक छोटी पायरी, प्रोसेसर उठला. मग लांब बुटका पट्टा, सेन्सर मोजतोय. टेलॉसबीवरच्या एसएचटी११ सारख्या सेन्सरला १४ बिटच्या मोजमापाला ३२० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात आणि १२ बिटला ८०, तेव्हा शेवटचे दोन बिट खरंच हवेत का हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायचा, आणि तेवढा वेळ प्रोसेसर जागा राहून "झालं का, झालं का" करत बसलाय की झोपून इंटरप्टची, म्हणजे सेन्सरकडून येणाऱ्या खुणेची, वाट बघतोय तेही बघायचं, कारण पट्ट्याच्या उंचीवरून ते लगेच कळतं. मग उंच भिंत, रेडिओ लागला. या भिंतीत खरं पाठवणं शोधावं लागतं. ४० बाइटचं पॅकेट सव्वा मिलिसेकंदात जातं, पण भिंत त्याच्या कितीतरी पट रुंद दिसते, कारण आधी रेडिओचा क्रिस्टल स्थिर व्हायचा, मग चॅनल मोकळा आहे का बघण्याआधीचा यादृच्छिक थांबा, मग पाठवणं, मग पावतीची वाट. त्या थांब्यात बऱ्याच फर्मवेअरमध्ये रेडिओ उगाच ऐकत ठेवलेला असतो. खरं तर थांबा संपताना क्षणभर चॅनल तपासला तरी पुरतं, आधीचा सगळा वेळ रिसीव्हर बंद ठेवता येतो. कोडमध्ये दोन ओळींची जागा बदलली की भिंत अरुंद होते, डोळ्यांसमोर होते.

आणि मग झोप. जाग आटोक्यात आली की झोपेतला करंट डोकं वर काढतो. रेडिओ ०.१ टक्क्यावर आणला तर त्याचा सरासरी खर्च १९ मायक्रोअँपवर येतो, आणि आता बोर्ड झोपेत १० मायक्रोअँप खात असेल तर तो एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा झाला. इथे चोर फार साधे असतात. बॅटरीचा व्होल्टेज मोजायला म्हणून कुणी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीवर आडवे टाकून ठेवलेले असतात. ३ व्होल्ट भागिले २० किलोओहम, १५० मायक्रोअँप, रात्रंदिवस. १ टक्क्यावर चालणारा अख्खा रेडिओ सरासरी १८८ घेतो, आणि हे दोन बिनकामाचे रेझिस्टर १५०! बॅटरी किती उरली ते बघण्यासाठी लावलेली गोष्टच बॅटरी खाते. तिथे मोठ्या किमतीचे रेझिस्टर टाका किंवा मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) फक्त मोजतानाच जोडा, प्रश्न मिटला. तसंच अधांतरी सोडलेल्या पिना, बंद सेन्सरला डेटा लाइनमधून चोरवाटेने मिळणारा करंट, व्होल्टेज स्थिर ठेवता ठेवता स्वतःच भरपूर खाणारा रेग्युलेटर. असल्या गोष्टींवर कुणाला पेपर छापायचा नसतो, पण फील्डमध्ये नोड मरतात ते बहुतेक यांच्यामुळेच.

पेपरवरून आठवलं, रूटिंगबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचंय. २००० मध्ये एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी लीच हा रूटिंग प्रोटोकॉल मांडला. कल्पना अशी की नोडचे गट करायचे, प्रत्येक गटाचा एक म्होरक्या, त्याने सगळ्यांचा डेटा गोळा करून एकत्र करून लांबच्या बेस स्टेशनला पाठवायचा, आणि हे म्होरकेपण आलटून पालटून सगळ्यांकडे जायचं म्हणजे एकाच नोडचा जीव जाणार नाही. कल्पना सुंदर आहे आणि न्याय्य आहे, आणि त्यात गटातले बाकी नोड आपली पाळी नसताना झोपू शकतात हेही होतं. पण पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्यांची जी रीघ लागली, त्यातल्या बऱ्याच फक्त सिम्युलेशनमध्ये जगल्या, आणि त्या सिम्युलेशनमधला रेडिओ मला कधी ओळखीचा वाटला नाही. मूळ मॉडेलमध्ये एक बिट पाठवायला किंवा घ्यायला इलेक्ट्रॉनिक्सचे ५० नॅनोज्यूल आणि पाठवताना अंतराच्या वर्गाप्रमाणे १०० पिकोज्यूल जास्तीचे असं धरलेलं आहे. हेच आकडे घेऊन बघा, अंतराचा खर्च इलेक्ट्रॉनिक्सच्या खर्चाइतका व्हायला २२ मीटर लागतात. म्हणजे त्यापेक्षा जवळच्या नोडमध्ये, मधे आणखी एक नोड घालून उडी लहान केल्याने काहीही वाचत नाही, उलट एक जास्तीचं घेणं आणि एक जास्तीचं पाठवणं वाढतं. आणि ज्या सिम्युलेशनमध्ये रिकामं ऐकण्याचा खर्च शून्य धरलाय तिथे नेटवर्कचं आयुष्य इतक्या-इतक्या टक्क्यांनी वाढलं या वाक्याला मी काय किंमत द्यायची? विद्यार्थी मेहनत घेतात, मनापासून घेतात, आणि त्यांना कुणी एक खरा बोर्ड आणि एक शंट रेझिस्टर (करंट मोजायला लावतात तो छोटा रेझिस्टर) हातात देत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण लीचने उचललेला न्यायाचा प्रश्न खरा आहे, आणि तो गटांपुरता नाही. एका रांगेत १० नोड आहेत असं धरा, टोकाला गेटवे, म्हणजे सगळ्यांचा डेटा बाहेर पोचवणारा डबा, आणि प्रत्येकाला आपापलं एक पॅकेट पोचवायचंय. सगळ्यात लांबचा नोड १ पॅकेट पाठवतो आणि झोपतो. गेटवेच्या शेजारचा ९ घेतो आणि १० पाठवतो. तो आधी मरतो, आणि तो मेला की मागच्या ९ जणांच्या बॅटरीत कितीही जीव उरलेला असो, त्यांचा आवाज कुठेच पोचत नाही. म्हणून नेटवर्कची सरासरी बॅटरी अमुक टक्के हा आकडा मी बघतच नाही, गेटवेजवळच्या नोडचा बघतो. तिथे मोठी बॅटरी लावा, दुसरा गेटवे ठेवा, नाही तर वाटेतच डेटा एकत्र करा. किमान, कमाल आणि सरासरी एवढंच हवं असेल तर १० आकडे पुढे ढकलण्याऐवजी ३ पुरतात, आणि मग गेटवेजवळच्या नोडलाही जवळपास इतरांइतकंच काम उरतं.

कमी बोलण्याच्या युक्त्यांमध्ये माझं सगळ्यात लाडकं म्हणजे ट्रिकल, २००४ मधलं, फिलिप लेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, पुढे २०११ मध्ये ते आरएफसी ६२०६ म्हणून इंटरनेटच्या मानकात आलं. सगळ्या नोडकडे एकच माहिती, समजा फर्मवेअरची एकच आवृत्ती, असायला हवी आहे. नोड अधूनमधून "माझ्याकडे ही आवृत्ती आहे" असं सांगतो, पण त्याआधी शेजाऱ्यांनी तेच सांगितलेलं पुरेशा वेळा ऐकलं असेल तर स्वतः गप्प बसतो, आणि सगळं जुळत असेल तर पुढच्या वेळेपर्यंतचा काळ दुप्पट करतो. कुणाकडे वेगळं काही ऐकलं की काळ परत एकदम लहान. सगळं सुरळीत असताना जवळजवळ शांतता, गडबड झाली की लगेच धावपळ. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच बैठकीत दुसऱ्यांदा वाचलं.

मात्र गप्प राहण्याला एक धोका आहे. "मूल्य बदललं तरच पाठव" असा नियम केला आणि नोड दोन दिवस गप्प आहे, तर काहीच बदललं नाही की नोडच मेला, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून अधूनमधून नुसती "आहे मी" अशी खूण पाठवायची, आणि तिच्यासोबत बॅटरीचा व्होल्टेज पाठवायचाच पाठवायचा. याबाबतीत मी हट्टी आहे. बॅटरी संपत आलेला नोड नुसता गप्प होत नाही, तो खोटं बोलायला लागतो. २००४ मध्ये इंटेलच्या बर्कलीमधल्या लॅबमध्ये ५४ नोड लावून गोळा केलेला डेटा आजही अभ्यासाला वापरतात, त्यात शेवटी शेवटी काही नोडचं तापमान १०० अंशांच्या वर चढत जाताना दिसतं. लॅबला आग लागलेली नव्हती, बॅटऱ्या उतरत होत्या. कॅलिफोर्नियात एका उंच रेडवुड झाडावर लावलेल्या नोडमध्येही हेच आढळलं, व्होल्टेज २.४ च्या आसपास उतरला की तापमानाचे आकडे भरकटले. म्हणजे ऊर्जेचा प्रश्न शेवटी डेटाच्या खरेपणाचा प्रश्न होतो, आणि माझ्या मते ठरावीक व्होल्टेजच्या खाली नोडने मोजणं थांबवून तसं कळवून बंद व्हावं, चुकीचा आकडा देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

आणि बॅटरी बदलायला जा ना, असं म्हणणाऱ्यांना मी ग्रेट डक आयलंडची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या या बेटावर २००२ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी लीचेस स्टॉर्म पेट्रल या समुद्रपक्ष्याच्या बिळांमध्ये नोड ठेवले. हा पक्षी जमिनीत बीळ करून अंडी घालतो, आणि माणसाचा वावर झाला तर बिचकतो. नोड ठेवायचं कारणच हे होतं की माणसाने तिथे वारंवार जाऊ नये. तिथे बॅटरी बदलायला महिन्या-महिन्याला जायचं ठरवलं तर सगळा खटाटोप कशासाठी केला? अशा जागी वाचवलेला प्रत्येक मायक्रोअँप म्हणजे त्या पक्ष्याच्या वाटेतून टाळलेलं एक पाऊल आहे, असंच मी धरतो.

बॅटरी हीसुद्धा डब्यावर छापलेल्या आकड्याइतकी सरळ नसते. सीआर२०३२ या बटण सेलवर २२० मिलिअँप-तासांच्या आसपास लिहिलेलं असतं, पण ते अगदी बारीक धारेने काढलं तर. रेडिओने एकदम १५-२० मिलिअँपचा घोट घेतला की आतल्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज खाली बसतो, आणि थंडीत तर आणखीच, आणि सेलमध्ये भरपूर शिल्लक असताना बोर्ड म्हणतो संपली. शेजारी एक बऱ्यापैकी कपॅसिटर लावला, घोट तो देईल आणि सेल त्याला सावकाश भरेल, की तोच सेल कितीतरी जास्त दिवस चालतो. फक्त कपॅसिटरची गळती बघून घ्यायची, नाहीतर परत तेच.

अर्थात वाट बघणं हाच मोठा खर्च, हे सगळीकडे लागू नाही. तापवून मोजणारा गॅस सेन्सर, कॅमेरा, जीपीएस, हे असले की तेच बॅटरी खातात आणि रेडिओ मागे पडतो. केनियात झेब्र्यांच्या गळ्यात पट्टे बांधणाऱ्या झेब्रानेटला जीपीएससाठी सौर पेशी लावाव्या लागल्या. लांब पल्ल्याच्या लोरा रेडिओमध्ये तर पाठवणंच महाग होतं: तेच पॅकेट एसएफ७ ऐवजी एसएफ१२ वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर, तो मोठा तितका पल्ला लांब पण वेग कमी) पाठवलं तर हवेत राहण्याचा वेळ २० पटींहून जास्त वाढतो. तिथे पेलोडमधला, म्हणजे पॅकेटमधल्या खऱ्या माहितीतला, एकेक बाइट मोजावा, अँटेना थोडी उंच नेऊन एसएफ उतरवता येतो का ते आधी बघावं.

सध्या माझं लक्ष वेक-अप रेडिओकडे लागलंय. मुख्य रेडिओ पूर्ण झोपलेला, आणि शेजारी एक अगदी साधा रिसीव्हर, काही मायक्रोवॅटवर किंवा त्याहूनही कमी शक्तीवर सतत ऐकणारा, ज्याला फक्त आपल्या नावाची हाक ओळखता येते. हाक आली की तो मुख्य रेडिओला उठवतो. म्हणजे ना घड्याळ जुळवायचं, ना प्रीअँबल, वाट बघणं जवळजवळ फुकट. अडचण संवेदनशीलतेची आहे. सीसी२४२० उणे ९५ डीबीएमपर्यंतचा सिग्नल उचलतो, आणि हे काटकसरी रिसीव्हर त्यापेक्षा बरेच बहिरे असतात. ४० डीबीचा, म्हणजे शक्तीत १०,००० पटींचा, फरक धरला तर अगदी मोकळ्या जागेतसुद्धा अंतर १०० पटीने घटतं, म्हणजे जिथे मुख्य रेडिओ १०० मीटरवर बोलतो तिथे हाक १ मीटरवरच ऐकू येणार. शिवाय शेजारच्या वाय-फायच्या गोंगाटाने तो खोटा खोटा उठतो आणि प्रत्येक खोट्या उठण्याला मुख्य रेडिओचा खर्च बसतोच. पण गेटवेकडे वीज असेल आणि तो जोरात हाक मारू शकत असेल तर यातलं बरंच अंतर भरून काढता येतं, गेटवेच्या हाकेला वेक-अप रिसीव्हर आणि नोड-नोडमधल्या बोलण्याला ठरलेली वेळ, असं मिश्रण मी सध्या टेबलावर जुळवतोय. खोट्या उठण्यांचा आकडा खाली आला तर गेटवेजवळच्या नोडवर, जे सगळ्यात आधी मरतात त्यांच्यावर, ते आधी लावायचं असं ठरवलंय.